हाताला फेस नाही

मावशींचा हात कसा आहे, हे जुन्या गल्लीत कुणाला विचारावं लागत नव्हतं. रडून रडून लालबुंद झालेलं पोर त्यांच्या हातात दिलं की ते आधी त्यांच्याकडे टकमक बघायचं, मग एक उचकी द्यायचं आणि गपगार झोपायचं. कामाला निघालेल्या आया पोरांना दारातूनच आत द्यायच्या, "मावशींच्या हाताला गुण आहे" म्हणायच्या आणि बस पकडायला पळायच्या. पाळणाघराला पाटी नव्हती. ती लावावी असं कधी कुणाला सुचलंही नाही.

मावशी ठेंगण्या आणि रुंद होत्या. झग्याच्या बाह्या कायम कोपराच्या वर दुमडलेल्या, कारण त्यांचा अर्धा दिवस घमेल्यात जायचा. पोरांचे लंगोट, दुपटी, तोंड पुसायची फडकी, सगळं त्या हाताने धुवायच्या. धुण्याचं यंत्र घरात होतं, पण ते मोठ्या माणसांच्या कपड्यांसाठी. "यंत्राला काय कळतंय, कुठलं कापड कुणाच्या अंगाला लागणार आहे ते," असं त्यांचं म्हणणं. वडी हातात घ्यायची, कापडावर दोनदा फिरवायची, चोळायचं, पिळायचं, झटकायचं. त्यांचे यजमान शिंपी होते. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन खडखडत असायचं आणि आत मावशींचं घमेलं. त्या दोन आवाजांत जुन्या गल्लीतली निम्मी पोरं लहानाची मोठी झाली.

मग जागा अपुरी पडायला लागली. रांगणारी पोरं एकमेकांच्या डोक्यावर आपटायला लागली, तेव्हा मावशींनी गल्ली सोडली आणि मोठ्या रस्त्यापलीकडच्या नव्याकोऱ्या चार मजली इमारतीत तळमजल्यावर बिऱ्हाड नेलं. दोन ऐसपैस खोल्या, अंगणाकडे उघडणारी खिडकी, भिंतींना रंगाचा ताजा वास. जुन्यांपैकी काही पोरं मागोमाग आली, काही नवी त्या इमारतीतूनच मिळाली. नव्यांमध्ये तिसऱ्या मजल्यावरचं एक बाळ होतं, इतकं मऊ की मावशींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव कापूस ठेवलं. कापसाची आई औषधाच्या दुकानात काम करायची. ते कुटुंबही नुकतंच तिथे राहायला आलं होतं. जागा बदलली आणि पाळणाघर लागलं, दोन्ही एकाच आठवड्यात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं त्यात खापर फोडताना लोकांनी यातलं एकच लक्षात ठेवलं.

खुणा पहिल्या दिवसापासून होत्या. नळाच्या तोंडाला पांढरी दाढी फुटली. काचेचे पेले कितीही घासा, वाळले की त्यांच्यावर पांढुरके डाग उमटायचे, जणू कुणी खडूच्या हातांनी धरले होते. चहावर तेलकट तवंग यायचा, आणि किटलीच्या तळाशी हलवलं की वाळूसारखं काहीतरी वाजायचं. पोरांसाठी वाटाणे उकडायला ठेवले तर दुपार व्हायची तरी ते बोटाने चेपायचे नाहीत. यजमानांनी एकदा ताटातला वाटाणा उचलून खिडकीबाहेरच्या मांजराला मारला आणि म्हणाले, "आपल्याकडे आता शिकारीची सोय झाली." मावशी हसल्या नाहीत.

आणि साबण! वडी लोण्यासारखी झिजायची, पण फेस म्हणून नाही. चोळून चोळून मनगटं दुखायची तरी पाण्यावर नुसती करडी, चिकट साय धरायची, ती घमेल्याच्या कडेला बसायची आणि नखांत भरायची. मावशींनी साबण बदलला. घमेलं बदललं. मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, वय झालं, हातात जोर राहिला नाही. वाटाणे शिजेनात तर म्हणाल्या, शेगडीची धग कमी आहे. मला या गोष्टीचा भारी संताप येतो. घरात काही बिघडलं की बाई आधी स्वतःच्या हाताकडे बघते. नळ भिंतीत उभा असतो पांढरी दाढी वाढवून, समोर, धडधडीत, आणि त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही.

मग कापसाचं ढुंगण लाल झालं.

आधी नुसते ठिपके, मग मांड्यांच्या वळ्यांपर्यंत भडक लाली. पाठोपाठ अजून दोघांना. मावशी प्रत्येक लंगोट दोन-दोनदा धुवायला लागल्या, साबण दुप्पट, चोळणं दुप्पट. लाली वाढली. एका संध्याकाळी कापसाची आई पोराला न्यायला आली ती तिथेच, जिन्याच्या पायरीशी, दुपटं बाजूला करून उभी राहिली.

"मावशी, हे काय आहे?"

"मी पण तेच बघतेय गं. कोमट पाण्याने पुसते, कोरडं करते, मलम लावते..."

"मग वाढतंय कसं? दुकानात रोज लोक येतात असलं घेऊन. अस्वच्छतेने होतं हे. तुम्ही लंगोट नीट धुवत नाही."

जिना म्हणजे इमारतीचा कान. वरच्या मजल्यांवर दारं किलकिली झाली. मावशींनी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं होतं, पण हे नाही. तेवढ्यात वरून कापसाची आजी कठड्याला धरून वाकली आणि तिने निकाल दिला.

"काहींच्या हाताला चव नसते ना, तसं असतं ते. मी खिडकीतून रोज बघते. ही बाई तासभर चोळते, पण फेस काही येत नाही. हिच्या हाताला फेस नाही!"

चार मजल्यांनी ते ऐकलं. असं वाक्य एकदा सुटलं की मग ते चपला घालून गावभर हिंडतं. दुसऱ्या दिवशी वाण्याकडे साबण मागितला तर तिथे रांगेतली कुणी तरी फिसकन हसली. पोरांना सोडायला येणाऱ्या आया आता आत डोकावायला लागल्या, दोरीवरचा लंगोट हळूच नाकाला लावायला लागल्या. बस चुकली तरी चालेल, पण बघून जायचं. कापूस तर दुसऱ्या सकाळी आलाच नाही. त्याच्या आईने दुकानातून रजा काढली आणि पोर वर ठेवून घेतलं. अजून दोघींनी सांगितलं की महिना संपला की आम्ही दुसरीकडे बघतो, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. म्हणजे काय करायचं मग? चांगलं वाटून घ्यायचं?

मावशी हात धुऊन स्वतःच्याच मागे लागल्या. पहाटे उठून उकळत्या पाण्यात लंगोट, वर साबणाचा कीस, मग पुन्हा वडी, पुन्हा चोळणं. हाताला फेस येईना, तोंडाला मात्र आला. बोटांची कातडी तडकली. आणि राहिलेल्या पोरांची लाली जिथल्या तिथे. एक दुपार अशी आली की पोरगं रडत होतं आणि मावशींनी त्याला उचललं नाही. आपले हात बघत बसल्या. यजमानांनी मशीन थांबवलं, उठून पोराला घेतलं आणि झुलवत झुलवत दोरीपाशी गेले. एक लंगोट ओढून त्यांनी दोन बोटांत चुरगाळला.

"अगं, हे कापड मी फाडलं, मी दुमडलं. सायीसारखं होतं. कापड धुऊन धुऊन मऊ पडतं. हे कडक पडलंय, खळ लावल्यासारखं. कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुम्ही पण?" मावशी कडाडल्या. "तुम्ही पण सांगा, मला धुता येत नाही म्हणून! जा वर जाऊन बसा त्या म्हातारीशेजारी!"

बिचारे पोर घेऊन पुढच्या खोलीत गेले. त्यांना नेमकं काय सापडलं होतं ते त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं. म्हण म्हणून गेले, आणि म्हणीतच उत्तर होतं.

रविवारी इमारतीचा पंप बंद पडला. नळ कोरडे. धुण्याचा ढीग तसाच, आणि सोमवारी सकाळी पोरं दारात. मावशींनी गाठोडं बांधलं, साबणाची डबी वर ठेवली आणि जुन्या गल्लीत ताईकडे गेल्या. ताई त्यांची सख्खी मोठी बहीण, जुन्या घराच्या दोन दारं पलीकडे राहणारी, तिच्याकडे अजून तोच जुना नळ, तीच न्हाणी. मावशी फरशीवर बसल्या, घमेलं भरलं, पहिला लंगोट घेतला आणि सवयीने जीव खाऊन वडी घासली.

फेस आला. असा आला की आधी मनगटं बुडाली, मग कोपर, मग घमेल्याच्या कडेवरून तो ओसंडून फरशीवर आला आणि मोरीच्या तोंडाशी डोंगर करून उभा राहिला.

"अगं ए!" ताई दारातून ओरडली. "लंगोट धुतेयस की हत्ती? केवढा तो साबण!"

मावशींनी फेसातून हात बाहेर काढले. त्यांनी डबीकडे बघितलं. वडी तीच, सकाळी घरून आणलेली. लंगोट तेच. हात तर काही त्या घरी ठेवून दुसरे आणले नव्हते. मग बदललं काय? त्या नळाकडे बघत राहिल्या. पाणी शांतपणे वाहत होतं.

मग त्यांना एक शंका आली. दुसरा लंगोट त्यांनी साबण न लावता नुसताच बुडवला आणि पिळला. फेस. पुन्हा पिळला, पुन्हा फेस. पाणी बदललं, तरी फेस. इतके दिवस त्यांनी जो साबण चोळला होता तो गेलाच नव्हता कुठे. तो धाग्याधाग्यात बसला होता, कापड कडक करून. एकेक पिळा सोडताना करडं पाणी निघत होतं आणि मावशींचे डोळे भरत होते.

"ताई, मी पोरांना साबणात गुंडाळत होते गं," त्या म्हणाल्या. "अस्वच्छ म्हणाले म्हणून आणखी साबण लावला. आणखी लावला म्हणून आणखी लाली. आणि मी म्हणत होते, माझे हातच गेले."

"हात कुठे जातात?" ताई म्हणाली. "तुझ्या त्या इमारतीचं पाणी जड असेल. माझ्या नणंदेच्या गावी होतं तसं. विहिरीचं. तिकडे डोकं धुतलं की केसांचा काथ्या व्हायचा."

मावशींनी डोळे पुसले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून ताई दोन पावलं मागे सरकली. जुन्या गल्लीला मावशींच्या हाताचा गुण ठाऊक होता, त्यांचा राग फारसा कुणी पाहिला नव्हता.

संध्याकाळी पंप सुरू झाल्यावर मावशींनी दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत ताईकडचं पाणी अर्धं, दुसरीत इमारतीच्या नळाचं अर्धं. साबणाचा एकेक सारखा तुकडा दोन्हींत टाकला, बुचं लावली आणि खळखळून हलवल्या. पहिलीत गळ्यापर्यंत फेस, खाली पाणी स्वच्छ. दुसरीत दुधट पाणी आणि त्यात फाटल्यासारख्या कण्या, वर नावाला चार बुडबुडे, ते पण लाजून फुटणारे. यजमानांनी बाटल्या उजेडात धरल्या.

"मी म्हटलं नव्हतं, पाणी मुरतंय म्हणून?"

"म्हटलं होतंत. आता मोठेपणा नंतर मिरवा, आधी धुणं दोरीवर घाला," असं म्हणून मावशी पहिल्या मजल्यावर सेक्रेटरीच्या दारात गेल्या.

सेक्रेटरी इमारतीचा कारभार बघायचे. गृहस्थ गोड बोलायचे, आणि इतकं गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडण करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मावशींनी बाटल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"मावशी, पाणी तपासलेलं आहे. पिण्यास योग्य. कागद आहे माझ्याकडे."

"पिण्याचं नाही विचारत. धुण्याचं विचारतेय."

"हां, जरासं जड आहे. एवढंच. खोल बोअरचं आहे ना, दगडातून येतं, चुना असतो त्यात. काही अपाय नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"इमारत बांधली तेव्हापासून. बोअर मारलं तेव्हाच कळलं."

मावशींची नजर तोवर आतल्या स्वयंपाकघरात गेली होती. तिथे भांडी घासायच्या जागेखाली एक पांढरी टाकी उभी होती. तिच्यातून एक नळी भिंतीत जात होती, एक नळाला. शेजारी मिठाची गोण. आणि वरचा नळ? आरशासारखा चकचकीत. दाढीचा एक केस नाही.

"ते काय आहे?"

"ते आपलं... घरगुती आहे. पाणी हलकं करायचं यंत्र. काय झालं, हिचे केस गळायला लागले होते."

हिचे केस! आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं? वरच्या तिन्ही मजल्यांवर बायका पेले घासत होत्या, स्वतःला दोष देत होत्या, नवऱ्यांची बोलणी खात होत्या, तळमजल्यावर तान्ह्या पोरांची कातडी सोलली जात होती, आणि हा बहाद्दर पहिल्या मजल्यावर हलक्या पाण्यात सुखाने राहत होता.

"इतक्या दिवसांत सांगायचं नाही का तुम्ही?" मावशींचा आवाज चढला. "जिन्यात उभं राहून माझ्या हाताचा पंचनामा चालला होता, तेव्हा तुमचं दार उघडं होतं. मी बघितलं होतं तुम्हाला!"

सेक्रेटरी गोड हसले. "मावशी, मला कुणी विचारलंच नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे. मावशींनी बाटल्या उचलल्या. त्यांना त्या घरात आणखी एक श्वास घ्यायची इच्छा नव्हती. त्या खाली आल्या, ताईकडून भरून आणलेला पाण्याचा कॅन एका हातात घेतला, रिकामं घमेलं बगलेत मारलं, साबणाची डबी झग्याच्या खिशात, आणि तीन मजले चढून गेल्या. धापा टाकत त्यांनी बेल दाबली.

दार आजीने उघडलं. मागे न्हाणीघराच्या उंबऱ्यात कापसाची आई घमेल्यासमोर उकिडवी बसली होती, बाह्या वर, बोटं तडकलेली, डोळे सुजलेले. घमेल्यात करडी साय. आणि पलंगावर पालथा पडलेला कापूस, उघडा. मावशींनी बघितलं. लाली गेली नव्हती. मांड्यांवरून कमरेपर्यंत चढली होती.

"अजून?" मावशी म्हणाल्या.

आजी फिस्कारली. "तुमच्याकडूनच घेऊन आलाय. जाता जात नाही."

"इतके दिवस घरात आहे पोर. लंगोट कोण धुतं?"

आजीने सुनेकडे बोट केलं. "ही. आणि हिचा हात बघा! हिला तरी कुठे काय येतंय? हिच्याही हाताला फेस नाही. माझ्या नशिबाला सगळ्या अशाच."

कापसाच्या आईने मान खाली घातली. मावशींना एका क्षणात सगळं उमगलं, आणि त्यांचा राग, जो एकाच माणसावर टाकायचा म्हणून त्या घेऊन आल्या होत्या, तो कुठे टाकावा ते त्यांना कळेना. त्यांनी आपलं घमेलं आजीपुढे आपटलं, त्या घरच्या नळाचं पाणी त्यात सोडलं आणि डबी उघडून वडी आजीच्या हातात कोंबली.

"तुमच्या हाताला असेल ना फेस? आणा."

"मी?"

"तुम्हीच. इमारतीत फेसाचा मान तुमचाच दिसतोय. आणा."

आजीने पदर खोचल्यासारखा झगा खोचला आणि बसली. असल्या बाबतीत माघार घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. चोळलं. साय आली. पुन्हा चोळलं, जोर लावून. चिकट कण्या. "ही वडीच जुनी आहे," ती म्हणाली आणि सुनेकडून घरातली नवी वडी मागून घेतली. चोळलं. कपाळाला घाम आला, फेस आला नाही. "पाणी गार आहे म्हणून," ती म्हणाली. सुनेने कोमट पाणी आणून ओतलं. काही नाही. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. मग त्यांनी ते पाणी मोरीत ओतलं, घमेलं विसळलं आणि कॅनमधलं पाणी त्यात रिकामं केलं.

"आता."

आजीने रागारागाने वडी फिरवली आणि फेस तिच्या दंडापर्यंत उडाला. नाकाच्या शेंड्यावर एक गोळा बसला. पलंगावरचा कापूस मान वर करून बघायला लागला. आजी आपल्या पांढऱ्या पडलेल्या हातांकडे बघत राहिली, आलटून पालटून, एकदा तळवे, एकदा मागची बाजू.

"हे पाणी कुठलं?" तिने हळूच विचारलं.

"जुन्या गल्लीतलं. हात तुमचाच. आता बोला."

आजी बोलली नाही. ही पहिली वेळ असावी. मावशी कापसाच्या आईकडे वळल्या. पोरासाठी त्यांच्या आवाजातली धार जरा कमी झाली, पण जराच.

"ताईने तिच्या नणंदेकडची रीत सांगितलीय, ती ऐक. साबण आधी बंद कर. अंगाला तर अजिबात नको, उकळून निवळलेल्या पाण्याने नुसतं पूस. उकळलं की चुना खाली बसतो थोडा, वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं. कपड्याच्या बादलीत आधी धुण्याचा सोडा विरघळव, मग कापडं घाल, साबणाची वडी नको, पावडर घे, तीही चिमूटभर. आणि खळबळून काढ, चार पाण्यांतून. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर. आधीचा बसलेला साबण निघायला वेळ लागेल. तोवर या पोराची कापडं माझ्या ताईकडे धुऊन येतील, माझ्या गाठोड्यात."

कापसाची आई ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "मावशी, मला कळलं होतं."

"काय?"

"घरी आणून आठवडा झाला, लाली वाढलीच. तेव्हाच कळलं, तुमचं काही नव्हतं. मी तर दुकानात काम करते, मला... पण तसं म्हटलं असतं तर..." तिची नजर सासूकडे गेली आणि परत फिरली. "मग सगळं माझ्या हातावर आलं असतं."

मावशींना तिची कीव आली. पण कीव आली म्हणून राग जातो असं थोडंच असतं?

"म्हणजे माझं नाव जळत होतं आणि तू त्यावर शेकत बसलीस," त्या म्हणाल्या. "दोन पोरं महिनाअखेरीला जायची आहेत माझी. जन्म गेला माझा हे काम करण्यात. मी काल पोर रडताना उचललं नाही, ठाऊक आहे? माझ्या हाताची मलाच भीती वाटली."

असं म्हणून त्यांनी आपलं घमेलं उचललं आणि खाली आल्या. जिन्यात दारं किलकिली होती, नेहमीसारखी. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. इथे घरोघरी करडी साय होती आणि प्रत्येकीला वाटत होतं ती आपल्या एकटीच्याच घमेल्यात आहे.

सोमवारी सकाळी, आया पोरांना सोडायला येण्याच्या वेळेला, कापसाची आई पोर घेऊन जिना उतरली. मावशी दारात उभ्या होत्या. कापसाने त्यांना बघून दोन्ही हात पसरले. मावशींनी मात्र आपले हात झग्याच्या खिशांतून काढले नाहीत. हे त्या दारात कधी घडलं नव्हतं.

"मावशी, परत ठेवाल का?" ती म्हणाली. "माझं चुकलं."

"मला कशाला सांगतेस? मला माहीतच होतं. जिन्यात बोललेलं जिन्यातच परत घ्यायचं असतं."

ती पायरीवर वळली, वर बघितलं आणि पुटपुटली, "मावशींची काही चूक नव्हती."

"ऐकू नाही आलं. त्या दिवशी चौथ्या मजल्यापर्यंत गेलं होतं."

तिने पुन्हा तोंड उघडलं आणि तिला रडूच फुटलं. तेवढ्यात वरून कठड्याला धरून, एकेक पायरी कण्हत, आजी उतरायला लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली, श्वास घेतला, आणि त्याच खणखणीत आवाजात ओरडली.

"काय मुळूमुळू बोलतेस! सरक, मी सांगते. ऐका गं सगळ्या! मावशींच्या हाताला फेस आहे! हिच्या पण आहे! आपल्या मेल्या नळालाच नाही! पाणी जड आहे इमारतीचं!"

दारं सताड उघडली. वरून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे माझे पेले पण...?" दुसरी म्हणाली, "अगं बाई, आणि माझे केस!" मग तर एकच गलका झाला, जो तो आपापली किटली आणि आपापला टॉवेल सांगायला लागला. महिनाअखेरीला जाणाऱ्या दोघींपैकी एकीने हातातली पोराची पिशवी मुकाट्याने मावशींच्या खुंटीला अडकवली.

पहिल्या मजल्यावर सेक्रेटरीचं दार तेवढं हळूच लागलं.

मावशींनी खिशांतून हात काढले आणि कापसाला घेतलं. त्याने टकमक बघितलं, एक उचकी दिली आणि त्यांच्या खांद्यावर मान टाकली. त्या त्याला थोपटत तशाच उभ्या राहिल्या, ओठ आवळून, त्या बंद दाराकडे बघत. मग त्यांनी पहिली पायरी चढायला पाऊल उचललं.

"कुणी विचारलं नाही, म्हणाले होते," त्या मागच्या बायकांना म्हणाल्या. "चला गं, विचारून येऊ."